यवतमाळचा पिनकोड थांबत का नाही?

यवतमाळ शहराचा पिनकोड ४४५००१. या सहा अंकांवर एक साधा खेळ करता येतो. अंक आधी उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने लिहायचे आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ५४४१०० वजा ००१४४५ म्हणजे ५४२६५५. त्यातून पुढे ४०९९८६, मग ९५१७४१, मग ८६०८३२. इथपर्यंत विशेष काही दिसत नाही. पण आणखी पुढे चला: ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ आणि पुन्हा ८६०८३२! सात संख्यांचे रिंगण पूर्ण झाले. आता हा खेळ दिवसभर चालवा की वर्षभर, घाण्याच्या बैलासारखा तो याच सात संख्यांभोवती फिरत राहणार.

चार अंकी संख्या घेतली तर मात्र चित्र बदलते. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढची वजाबाकी ७६४१ वजा १४६७, आणि उत्तर पुन्हा ६१७४च. खेळ इथे थांबला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येऊन थांबते.

कृती तीच, नियम तेच. तरी एका ठिकाणी ती थांबते आणि दुसऱ्या ठिकाणी थांबत नाही. मग प्रत्यक्ष करून न पाहता, एखादी कृती थांबेल की नाही, हे आधीच सांगणारी काही युक्ती आहे का? शाळेच्या वहीत गंमत वाटणारा हा प्रश्न संगणकशास्त्राच्या पायाशी आहे. आणि आज तो रुग्णालयातल्या खाटेच्या उशाशी ठेवलेल्या यंत्रापर्यंत येऊन पोहोचला आहे.

देवळालीचे मास्तर

६१७४ या संख्येला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. साधन म्हणाल तर कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

६१७४ चा गुणधर्म त्यांना १९४९ मध्ये सापडला. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

चार अंकी खेळ नेहमी थांबतो, हे आपण इतक्या खात्रीने का सांगू शकतो? कारण चार अंकी जागेत बसणाऱ्या संख्या एकूण दहा हजारच आहेत. एकेक करून सगळ्या तपासता येतात. सहा अंकी जागेत दहा लाख संख्या आहेत. त्यात ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात, आणि वर पाहिलेले सात संख्यांचे रिंगणही आहे. दहा लाख संख्यांपैकी कुठूनही सुरुवात केली तरी फार तर दहा लाख पायऱ्यांत एखादी संख्या पुन्हा येणारच. एकदा ती पुन्हा आली की निकाल लागला. म्हणजे कापरेकरांच्या खेळापुरता ‘थांबेल की नाही’ हा प्रश्न सुटतो. कारण तिथे कुंपण आहे. संख्या सहा अंकांबाहेर जात नाही.

वाट किती पाहायची?

आता कुंपण काढून टाकू. आणखी एक खेळ घ्या. कोणतीही संख्या घ्यायची, ती उलटी लिहायची आणि दोन्हींची बेरीज करायची. उत्तर दोन्हीकडून सारखेच वाचता आले की थांबायचे. ५६ घेतले तर ५६ अधिक ६५ म्हणजे १२१. एका पायरीत काम झाले. ८९ घेतले तर २४ पायऱ्या लागतात आणि ८८१३२०००२३१८८ ही तेरा अंकी संख्या मिळते. तीही थांबते.

पण १९६ घ्या. ८८७, १६७५, ७४३६, १३७८३... संख्या वाढतच जाते. जॉन वॉकर या प्रोग्रॅमरने १९८७ मध्ये एका संगणकाला हेच काम लावून दिले. १९९० मध्ये, सुमारे तीन वर्षांनी, संख्या दहा लाख अंकांची झाली, तरी दोन्हीकडून सारखे वाचता येणारे उत्तर आले नाही. त्यानंतर इतरांनी हा हिशेब याच्याही फार पुढे नेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. आणि ते कधीच येणार नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखी ही स्थिती आहे. गाडी आली की ‘आली’ असे ठामपणे सांगता येते. पण ती आली नाही, तर ‘अजून आली नाही’ एवढेच म्हणता येते. ‘येणारच नाही’ हे नुसते वाट पाहून कळत नाही. ‘प्रोग्रॅम चालवून पाहू, कळेलच’ हे उत्तर म्हणून अर्धेच कामाचे आहे. थांबणारा प्रोग्रॅम कधी ना कधी कळतो. न थांबणारा मात्र आपल्याला जन्मभर ताटकळत ठेवू शकतो.

ज्योतिषी आणि हेकेखोर

मग एखादा असा पंच बनवता येईल का, की ज्याच्या हाती कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला द्यायची माहिती ठेवली, की तो ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ असा अचूक निकाल देईल? पंच म्हणजे अर्थातच आणखी एक प्रोग्रॅम. अट एवढीच की त्याने कधी चुकायचे नाही आणि स्वतः अडकून बसायचे नाही.

या प्रश्नाचे उत्तर १९३६ मध्ये मिळाले, तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातही नव्हते. ॲलन ट्युरिंग हा पंचविशीही न गाठलेला इंग्रज गणितज्ञ होता. त्याचे वडील मद्रास इलाख्यात सनदी सेवेत होते; त्याचा स्वतःचा जन्म १९१२ मध्ये लंडनचा. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९२८ मध्ये विचारले होते की, गणितातल्या कोणत्याही विधानाचा निकाल यांत्रिक पद्धतीने लावता येईल का? ट्युरिंगने आधी ‘यांत्रिक पद्धत’ म्हणजे काय, हेच एका कल्पनेतल्या यंत्राच्या आधाराने स्पष्ट केले आणि मग दाखवले की असा सर्वांसाठीचा निकाल लावणे अशक्य आहे. अमेरिकेत अलोंझो चर्च यांनीही त्याच वर्षी वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला. ‘थांबण्याचा प्रश्न’ हे नाव त्याला पुढे, १९५० च्या दशकात चिकटले.

युक्तिवाद समजायला एक ज्योतिषी डोळ्यांसमोर आणा. त्याचा दावा असा की कोण पुढच्या क्षणी काय करील, हे तो अचूक सांगतो. गावात एक हेकेखोर आहे. ज्योतिषी म्हणाला ‘तू बसशील’, की तो उभा राहतो. ‘उभा राहशील’ म्हणाला, की तो बसतो. या एका माणसापुरते तरी ज्योतिष्याचे भाकीत तोंडावर सांगितले की खोटे ठरणारच.

हुशार ज्योतिषी यावर तोडगा काढील. उत्तर कागदावर लिहून पाकीट बंद करून ठेवील आणि नंतर उघडील. पण पंच हा प्रोग्रॅम आहे, माणूस नव्हे. प्रोग्रॅमची नक्कल काढता येते. हेकेखोर प्रोग्रॅम पंचाची पूर्ण नक्कल स्वतःच्या पोटातच बाळगतो. त्यामुळे पंच काय म्हणेल, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. तो स्वतःच ते काढतो.

आता हेकेखोराचे काम नेमके ठरवू. त्याला एक प्रोग्रॅम दिला जातो. तो पोटातल्या पंचाला विचारतो, ‘या प्रोग्रॅमला त्याचीच संहिता खाऊ घातली तर तो थांबेल का?’ पंच ‘थांबेल’ म्हणाला, तर हेकेखोर मुद्दाम गोल गोल फिरत बसतो. पंच ‘थांबणार नाही’ म्हणाला, तर हेकेखोर लगेच थांबतो.

शेवटी हेकेखोराला त्याची स्वतःचीच संहिता द्यायची. पंच म्हणाला ‘थांबेल’, तर तो थांबत नाही. पंच म्हणाला ‘थांबणार नाही’, तर तो थांबतो. पंचाने काहीही सांगितले तरी तो चुकतो. पण पंच कधीच चुकत नाही, असे आपण धरून चाललो होतो. म्हणजे असा पंच असूच शकत नाही. इथे तंत्रज्ञान कमी पडते आहे, असे नाही. संगणक हजारपट वेगवान झाला तरी या निष्कर्षात काडीचाही फरक पडत नाही.

वर्गात निघणाऱ्या हरकती

हा युक्तिवाद फळ्यावर मांडला की वाद ठरलेला. पहिली हरकत लगेच येते: ‘सर, मग त्या हेकेखोरापुरता वेगळा नियम घालू. बाकी प्रोग्रॅम तर बरोबर तपासता येतील ना?’ नियम घालता येतो. पण तो घातला की पंच नवा झाला. नव्या पंचाची नक्कल पोटात घेऊन नवा हेकेखोर तयार होतो. छिद्र बुजवावे तर शेजारी दुसरे पडते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: ‘खऱ्या संगणकाची मेमरी तर मर्यादितच असते. पिनकोडच्या खेळासारखी आधीची स्थिती पुन्हा आली की प्रोग्रॅम अडकला, असे म्हणता येईल.’ तत्त्वतः हे अगदी बरोबर आहे. ट्युरिंगच्या यंत्राला हवी तेवढी जागा होती, आपल्या यंत्रांना नसते. पण हिशेब करून पाहा. अवघी आठ किलोबाइट मेमरी असलेल्या चिपमध्ये ६५,५३६ बिट असतात. त्यांच्या शक्य मांडण्यांची संख्या लिहायची तर १९,७२९ अंक लागतात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या लिहायला साधारण ८१ अंक पुरतात. मेमरीला कुंपण आहे खरे, पण ते इतके लांब की त्याला वळसा घालून येणे कोणालाही जमणार नाही. शिवाय खरे यंत्र बाहेरून सतत माहिती घेत असते. कोणी बटण दाबतो, कुठला सेन्सर बदलतो. त्यामुळे एखादी स्थिती पुन्हा आली म्हणजे पुढचेही सगळे तसेच घडेल, अशी खात्री उरत नाही.

तिसरी हरकत अलीकडची: ‘कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारू.’ पण चॅटबॉट हाही संगणकावर चालणारा प्रोग्रॅमच. त्याला ट्युरिंगचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होतो. तो चांगला अंदाज बांधू शकेल, पुष्कळदा बरोबरही येईल. पण प्रत्येक वेळी अचूक उत्तर देण्याची हमी त्यालाही देता येत नाही.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. कोणत्याच प्रोग्रॅमबद्दल काही सांगता येत नाही, असे ट्युरिंगने म्हटलेले नाही. एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमबद्दल खात्रीने सांगता येते, हे कापरेकरांच्या खेळातच दिसले. सगळ्या प्रोग्रॅमना लागू पडेल असा एकच पंच मिळणार नाही, एवढाच निष्कर्षाचा अर्थ. १९६ चा प्रश्न सुटलेला नाही, पण तो उद्या सुटूही शकेल. ‘अजून माहीत नाही’ आणि ‘कधीच शक्य नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३१ डिसेंबरची चूक

न थांबणारा प्रोग्रॅम ही केवळ फळ्यावरची कल्पना नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘झून’ नावाचे गाणी ऐकण्याचे यंत्र, त्यातले ३० गिगाबाइटचे मॉडेल, जगभर एकाच दिवशी बंद पडले. कारण तारीख काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्यात होते.

तो तुकडा १९८० पासून मोजलेल्या दिवसांतून एकेक वर्षाचे दिवस वजा करत जाई. उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर हे करत राहायचे, असा नियम. लीप वर्ष असेल तर उरलेले दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का, ते आधी पाहायचे आणि असतील तरच वजा करायचे. २००८ हे लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशी उरलेले दिवस बरोबर ३६६ होते. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून पुढची फेरी घ्यायची. पण ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून काही वजा करायचे नाही. पुन्हा फेरी, पुन्हा काही नाही. यंत्र त्यातच अडकले. १ जानेवारी उजाडल्यावर दिवसांचा आकडा बदलला आणि बॅटरी उतरून पुन्हा सुरू केलेले यंत्र नीट चालू लागले.

हे यंत्र २००६ मध्ये बाजारात आले होते. मधले दोन्ही नववर्षदिन सुरळीत गेले. हजारो वेळा चालवून पाहिलेला प्रोग्रॅम एका विशिष्ट दिवशी अडकू शकतो, हे त्यातून कळले. गाणी एक दिवस बंद राहिली म्हणून कोणाचे फार बिघडले नाही. तीच चूक औषध देणाऱ्या यंत्रात असती तर?

रुग्णाच्या उशाशी

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात गेले, तर खाटेभोवतीची बहुतेक यंत्रे आज सॉफ्टवेअरवर चालतात. व्हेंटिलेटर, हृदयाच्या ठोक्यांचा मॉनिटर, ठरावीक वेगाने औषध देणारा इन्फ्युजन पंप. नवजात बाळांच्या कक्षातला सिरिंज पंप तर तासाला काही मिलिलिटर इतकेच औषध सोडतो. तिथे थोडी कमी-जास्त मात्राही धोक्याची. असा पंप मध्येच ‘हँग’ झाला, तर औषध थांबते. किंवा त्याहून वाईट म्हणजे मोटर चालूच राहते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांशी संबंधित अनुचित घटनांचे सुमारे ५६ हजार अहवाल आले आणि पंप परत मागवण्याच्या ८७ कारवाया झाल्या. सॉफ्टवेअरमधील दोष हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. २०१० मध्ये त्या प्रशासनाने पंपांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र मोहीमच हाती घेतली. त्याआधी १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली होती. काही रुग्ण दगावले. तिथेही मुळाशी सॉफ्टवेअरच होते. ते अडकले नव्हते. ते चुकीच्या क्रमाने चालले होते.

या दोन्ही प्रकारांना जोडणारा धागा गणितातच आहे. हेन्री राइस या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, अडचण केवळ ‘थांबेल का?’ या प्रश्नापुरती नाही. प्रोग्रॅमच्या वर्तनाबद्दलचा जवळपास कोणताही अर्थपूर्ण प्रश्न घेतला, तरी त्याचे सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक उत्तर देणारा पंच मिळत नाही. ‘हा पंप ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त औषध कधी सोडेल का?’ हा प्रश्नही त्यातच बसतो. ‘हा प्रोग्रॅम व्हायरस आहे का?’ हाही. म्हणून कोणतेही अँटिव्हायरस शंभर टक्के हमी देऊ शकत नाही.

पुण्यातला पंच

सर्वज्ञ पंच मिळत नाही, म्हणून हातावर हात ठेवून बसायचे का? अजिबात नाही. पंचाची एक अट सैल केली की मार्ग खुला होतो. पंचाला तिसरे उत्तर द्यायची मुभा द्यायची: ‘सांगता येत नाही.’ मग हेकेखोर समोर आला, तर पंच प्रामाणिकपणे हात वर करतो आणि विरोधाभास उरत नाही.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. टीसीएस रिसर्चचे ‘व्हेरिॲब्ज’ हे साधन त्यातलेच. पवईच्या आयआयटीतही या विषयाचे संशोधन चालते. अशा साधनांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी भरते आणि तिच्या एका मुख्य विभागात पुण्याच्या या साधनाने एकापेक्षा जास्त वेळा पहिला क्रमांक पटकावला आहे.

या स्पर्धेची गुणपद्धती बोलकी आहे. प्रोग्रॅम निर्दोष आहे हे बरोबर सांगितले तर २ गुण, दोष बरोबर दाखवला तर १ गुण. ‘सांगता येत नाही’ म्हटले तर शून्य. पण सदोष प्रोग्रॅमला निर्दोष ठरवले तर थेट ३२ गुण वजा! चुकीच्या खात्रीपेक्षा प्रामाणिक अज्ञान बरे, हे तिथे आकड्यांतच लिहून ठेवले आहे.

मर्यादित प्रकारच्या प्रोग्रॅमवर ही साधने मोठी कामगिरीही करतात. ‘अस्त्रे’ या फ्रेंच साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या उड्डाण नियंत्रणाचा १ लाख ३२ हजार ओळींचा प्रोग्रॅम तपासून, चालताना उद्भवणाऱ्या ठरावीक प्रकारच्या चुका त्यात नाहीत, हे आपोआप सिद्ध केले. ते जमले, कारण तो प्रोग्रॅम शिस्तीत लिहिलेला होता आणि साधनही त्याच घराण्यातल्या प्रोग्रॅमसाठी घडवलेले होते.

प्रत्येक फेरीला घटणारी गोष्ट

एखादा प्रोग्रॅम थांबणारच, हे सिद्ध कसे करतात? मूळ कल्पना सोपी आहे. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या ४० गाड्या उभ्या आहेत. नवी गाडी आत घ्यायची नाही आणि दर फेरीला एक गाडी रिकामी करून बाहेर काढायची, असे ठरले, तर काम कधीतरी संपणारच. कारण प्रत्येक फेरीला गाड्यांची संख्या घटते आणि ती शून्याखाली जाऊ शकत नाही. प्रोग्रॅममध्येही अशी दर फेरीला घटणारी आणि शून्याखाली न जाणारी राशी सापडली, की तो थांबणार याची खात्री झाली. झूनच्या तुकड्यात नेमकी हीच गोष्ट हरवली होती. ३६६ व्या दिवशी फेरी झाली, पण काहीच घटले नाही. हा प्रश्न त्या काही ओळींना आधीच विचारला असता, तर चूक कागदावरच पकडता आली असती.

ही पद्धतही ट्युरिंगनेच सुचवली. १९४९ मध्ये केंब्रिजच्या एका परिषदेत वाचलेल्या छोट्या निबंधात त्याने प्रोग्रॅम थांबतो हे दाखवायला अशीच घटत जाणारी राशी वापरली होती. कापरेकरांना ६१७४ सापडली, तेच हे वर्ष. सर्वांसाठीचा पंच अशक्य आहे, हे दाखवणाऱ्या माणसानेच एकेका प्रोग्रॅमची हमी कशी द्यायची, याचीही वाट दाखवून ठेवली.

जागलीवरचा राखणदार

तरीही काही चुका निसटतातच. त्यांच्यासाठी यंत्रात आणखी एक सोय असते. यवतमाळ जिल्ह्यात पीक रानडुकरांपासून वाचवायला शेतकरी रात्री जागलीला जातात. मचाणावरचा माणूस मधूनमधून आवाज देत असतो. बराच वेळ आवाज आला नाही, तर शेजारच्या शेतातला उठून पाहायला जातो. यंत्रातला ‘वॉचडॉग टायमर’ हेच काम करतो. मुख्य प्रोग्रॅमने ठरावीक अंतराने त्याच्याकडे हजेरी लावायची. हजेरी चुकली की राखणदार समजतो, प्रोग्रॅम कुठेतरी अडकला. मग तो यंत्र पुन्हा सुरू करतो किंवा मोटर बंद करून गजर वाजवतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक कामात अडकू लागला, तेव्हा अशाच राखणदाराने त्याला पुन्हा पुन्हा सुरू केले. पुढे पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवता आली.

राखणदाराने ट्युरिंगला हरवले, असे मात्र नव्हे. ‘हा प्रोग्रॅम कधीतरी थांबेल का?’ या न सुटणाऱ्या प्रश्नाऐवजी तो ‘अर्ध्या सेकंदात हजेरी लागली का?’ असा छोटा प्रश्न विचारतो. या प्रश्नाचे उत्तर घड्याळ पाहून देता येते. कधी एखादा जरा रेंगाळलेला, पण चांगला प्रोग्रॅमही त्यात उगाच पुन्हा सुरू होतो. रुग्णाच्या सुरक्षेपुढे ही किंमत परवडणारी.

वैद्यकीय उपकरणांचे नियमही याच वास्तवावर बेतलेले आहेत. २००६ च्या ‘आयईसी ६२३०४’ या आंतरराष्ट्रीय मानकात सॉफ्टवेअरचे तीन वर्ग केले आहेत. बिघाडाने इजा होणार नसेल तर ‘अ’, गंभीर नसलेली इजा होऊ शकत असेल तर ‘ब’, गंभीर इजा वा मृत्यू ओढवू शकत असेल तर ‘क’. धोका जितका मोठा, तितकी आखणी, तपासणी आणि नोंदींची सक्ती अधिक. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय वापराचे सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत आले.

म्हणून रुग्णालयासाठी पंप किंवा व्हेंटिलेटर घेताना विक्रेता ‘आमचे सॉफ्टवेअर कधीच अडकत नाही’ म्हणाला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. खरेदी समितीने विचारावे: सॉफ्टवेअर कोणत्या वर्गात मोडते? ते कोणत्या मानकाप्रमाणे तपासले? ते अडकले तर यंत्र किती वेळात ओळखते? आणि ओळखल्यावर औषध थांबते की चालू राहते? वॉर्डातल्या परिचारिकेनेही पडद्यावरचा आकडा हलत नाही असे दिसले, तर यंत्रावर विसंबून न राहता सलाईनचे थेंब आणि रुग्णाची नाडी स्वतः पाहावी. गजर का वाजला याची नोंद ठेवावी आणि यंत्र बंद-चालू करून प्रकरण मिटवण्याआधी तंत्रज्ञाला कळवावे. तोच बिघाड दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात पुन्हा होण्याआधी पकडायचा, तर अशा नोंदीच उपयोगी पडतात.